पहिल्या घरातलं कार्ड

आक्काताई कांबळेनं आपल्या मोबाइलला ब्लाऊज शिवलंय, ही बातमी शाहूपुरीतल्या तिच्या गल्लीत कधीच शिळी झाली होती. मोबाइलचं मागचं झाकण सैल झालेलं. दोनदा ते बॅटरीसकट निसटून फरशीवर पडलं. तिसऱ्यांदा पडल्यावर आक्काताईनं चिंध्यांच्या पिशवीतनं जांभळ्या अस्तराचा एक तुकडा काढला, पुढं काचेपुरती खिडकी ठेवली, चार्जरच्या पिनेसाठी एक काज केलं, आवाजासाठी मागं जाळीचा तुकडा लावला आणि मोबाइल आत घालून चारी बाजूंनी हातशिलाई घातली. पस्तीस वर्षं ब्लाऊज शिवणाऱ्या बाईची शिलाई ती. पुन्हा काही ते झाकण निसटलं नाही. सगळी गोम तिथंच होती, पण ते कळायला पुढं चार वर्षं जावी लागली.

आक्काताई त्रेसष्टीची. ठेंगणी, गळ्यात एकीकडं चष्म्याची दोरी आणि दुसरीकडं मापाची टेप. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. ब्लाऊज घट्ट झालं म्हणून तक्रार घेऊन आलेल्या बाईला ती आधी चहा पाजते आणि मग तोंडावर सांगते, "माप माझं बराबर हाय. तूच सुटलीयास." बाई रागानं लाल होते, चहा मात्र संपवते, आणि पुढच्या लग्नाचं ब्लाऊज शिवायला पुन्हा तिच्याकडंच येते. कारण आक्काताईच्या हातचं ब्लाऊज अंगावर बसतं ते बसतंच, त्यात खोट काढायला जागा नसते.

तिला आणि नागसेनला मूल झालं नाही. हे दुःख तिनं कुणापुढं मांडलं नाही आणि लपवलंही नाही. पण सख्खा भाऊ एक, चुलत चार, त्यामुळं भाचरांना तोटा नव्हता. त्यांच्या घरात रीत अशी, की त्रिशरण-पंचशील झालं, जाणत्या माणसांचे दोन शब्द बोलून झाले, की आत्यानं पाळण्यापाशी जायचं आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं. आत्यानं सांगेपर्यंत ते नाव आईबापालासुद्धा कळायचं नाही. यात आक्काताईची स्वतःची एक जादा अट होती. बाळाचं तोंड बघितल्याशिवाय ती नाव ठरवायची नाही. कुणी घाई केली तर म्हणायची, "माप घेतल्याबिगार कापड कापतंय व्हय कोण?"

अशी अकरा नावं तिनं ठेवली होती. मुरगूडला राहणाऱ्या सख्ख्या भावाच्या, कृष्णातच्या, मुलाचं संघर्ष हे नावही तिचंच. बारा दिवसांचं ते पोर मुठी आवळून असं काही ओरडत होतं की दुसरं नाव सुचेचना. दर वेळी नागसेन मागं दाराशी उभा असायचा, एका हातात आक्काताईची पर्स आणि दुसऱ्या हातात तिच्या चपला. शाहूपुरीतल्या एका छापखान्यात बाइंडिंग करणारा शांत माणूस. पुढं या म्हटलं तरी यायचा नाही. "पाळण्याजवळ तू पुढं, मी मागं," म्हणायचा, आणि खरंच खुशीत असायचा.

मोबाइल त्यानंच घेतलेला, आठ वर्षांपूर्वी. त्यात दोन सिमकार्डांची दोन घरं. त्याच सुमाराला नव्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून आक्काताईचं नाव लागलं होतं आणि त्यावरनं घरात चेष्टा चालायची. दोन्ही कार्डं आत बसवताना नागसेन म्हणाला होता, "रेशनला तू पहिली, मग मोबाइलला मी पहिला." असं म्हणून त्यानं आपलं कार्ड पहिल्या घरात सारलं आणि तिचं दुसऱ्या. तो होता तोवर त्याच मोबाइलवर इंटरनेट चालायचं, बातम्या लागायच्या, भाषणं लागायची. आक्काताईला त्याचं काही पडलं नव्हतं. तिला फोन उचलता यायचा आणि ठेवता यायचा, तेवढं पुरे होतं.

पाच वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि नागसेन गेला. त्याच्या कार्डाला कुणी रिचार्ज मारलं नाही, काही महिन्यांनी ते बंद पडलं. तेव्हापासून मोबाइलच्या काचेवर वरच्या ओळीत 'सेवा नाही' अशी अक्षरं दिसत. खालच्या ओळीत तिच्या कंपनीचं नाव. आक्काताईनं ते कार्ड काढलं नाही. दारावरच्या पाटीवर पहिलं नाव नागसेनचं होतं, तेही काढलं नव्हतं, त्याचा चहाचा कप काढला नव्हता, मग हेच का काढायचं? मोबाइलला ब्लाऊज शिवलं त्या दिवशी ते कार्ड आत कायमचं शिवलं गेलं, आणि तिला खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

इकडं संघर्ष इंजिनिअर होऊन जर्मनीला गेला. त्याची बायको निशा तिकडंच बाळंत झाली आणि मुलगी झाली. संघर्षला सख्खी बहीण नाही, म्हणजे नाव ठेवायचा मान पुन्हा आक्काताईचाच. कृष्णात आणि वहिनी तीन महिन्यांसाठी जर्मनीला गेलेली. आक्काताईलाही चल म्हणाले होते, पण तिच्याकडं पासपोर्ट नव्हता आणि लग्नसराईतली चाळीस ब्लाऊजं होती. तिनं एक कुंची तेवढी शिवून दिली. पिवळ्या खणाची, कडेला हिरवी गोट आणि आतनं अस्तर नागसेनच्या जुन्या पांढऱ्या सदऱ्याचं. तान्ह्या जिवाला घरातल्या माणसाचं वापरून मऊ झालेलं कापड लागावं, असं तिची आई म्हणायची.

पण मुलगी झाल्याची बातमी तिला कशी कळली, ते ऐका. संघर्षनं बाळाचा फोटो शेजारच्या अनुजाच्या मोबाइलवर पाठवला, कारण आत्तीच्या मोबाइलला नेट नाही. आत्याला तो आत्ती म्हणतो, मुरगूडकडचं हे वळण जर्मनीत जाऊनही सुटलेलं नाही. अनुजा तेव्हा वाण्याच्या दुकानात होती. तिनं फोटो वाण्याला दाखवला, वाण्याच्या बायकोला दाखवला, दळणाला आलेल्या दोघींना दाखवला, वाटेत भेटतील त्यांना दाखवत दाखवत ती आक्काताईच्या दारात आली आणि ओरडली, "आक्का, पोरगी झाली की जर्मनीत! सगळी म्हणालीत, नाक लै झ्याक हाय." म्हणजे आत्याचा नंबर सातवा की आठवा. आक्काताईनं फोटो बघितला, हसली, अनुजाच्या हातावर साखर ठेवली आणि आत जाऊन नळ सोडून रडली. अनुजाचा काही दोष नव्हता, पोरगी मनानं सोन्यासारखी. पण ते लागलं ते लागलंच.

त्या दिवशी तिनं ठरवलं, की बारशाला बाळाचं तोंड आपण आपल्याच मोबाइलवर बघायचं, दुसऱ्याच्या हातातनं नाही.

तिनं महिन्याचं नेटचं रिचार्ज मारून घेतलं. नेट काही सुरू झालं नाही. संघर्षनं साधा फोन लावून जर्मनीतनं शिकवणी घेतली.

"आत्ती, वर कोपऱ्यात तीन टिंबं दिसत्यात का?"

"टिंबं न्हाईत. तडा हाय काचंला."

"बरं, सेटिंग दिसतंय का?"

"दिसालंय. दाबू?"

"दाब. आता काय आलं?"

"घड्याळाचा गजर झाला."

असं अर्धा तास चाललं. शेवटी संघर्ष म्हणाला, "नवा मोबाइल पाठवतो म्हटलं तर तू नको म्हणतीस."

"हाय ह्यालाच काय धाड भरलीय? ह्यांच्या वक्ताला ह्याच्यातच पळत हुतं की नेट!"

बारशाच्या आदल्या दिवशी ब्लाऊज न्यायला आलेल्या वर्षाराणी मॅडमनी, कॉलेजात शिकवणाऱ्या बाई त्या, चष्मा वर करून पाऊण तास मोबाइलशी झटापट केली. हे पुसलं, ते पुसलं, बंद केला, चालू केला. मग म्हणाल्या, "मोबाइलच म्हातारा झालाय, आक्का. नवा घ्या."

"म्हातारी माणसं काय काम करत न्हाईत व्हय?" आक्काताई म्हणाली, आणि त्यांचं ब्लाऊज जरा जास्तच जोरात घडी घालून पिशवीत कोंबलं.

संध्याकाळी संघर्षचा फोन आला. त्याचा आवाज अवघडलेला होता. "आत्ती, उद्या आपल्या अडीच वाजता कार्यक्रम हाय. हॉल दोनच तास मिळालाय, हितं सगळं घड्याळावर चालतंय. न्हाईच लागला व्हिडिओ, तर साध्या फोनवर सांग नाव."

"तोंड न बघता? फोटुवरनं माप घेतंय व्हय कोण?"

तो हळूच म्हणाला, "न्हाईतर आई सांगील कानात. तिलाबी सुचलंय एक नाव. तू वाईट वाटून घेऊ नको."

"न्हाय, वाईट कसलं," आक्काताई म्हणाली. वाईट तर इतकं वाटलं होतं की रात्रीची भाकरी तिनं तव्यावरच वाळवली. वहिनीचा राग नव्हता. आजीच ती, तिला हौस असणारच. पण अकरा पोरांचं कौतुक करताना आपल्या वाट्याला जे काही आलं ते एवढंच होतं, एक नाव आणि एक कान. पहिलं वाक्य जगातलं, ते आपण बोलायचं. ते आता घड्याळामुळं आणि एका मेल्या यंत्रामुळं जाणार, हे तिला मान्य होईना.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला तिनं मन मोठं करून अनुजाचं दार वाजवलं, तर दाराला कुलूप. अनुजा गारगोटीला चुलत बहिणीच्या लग्नाला गेलेली. आक्काताईनं मशीनवर झाकण टाकलं, चपला घातल्या आणि थेट अमरसिंह पाटलाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसली. तेव्हा बारा वाजले होते.

अमरसिंह चाळिशीचा, डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मोबाइलचं पोट उघडून बसलेला. त्याच्या बायकोची ब्लाऊजं आक्काताईकडंच असत. "ठेवून जावा, आक्का. उद्या बघतो."

"उद्या बघून काय करू? अडीचला बारसं हाय. मी हितनं उठत न्हाय, बसतो हितंच." कोल्हापूरची बाई 'बसते' म्हणत नाही, 'बसतो' म्हणते, आणि मग बसतेच. अमरसिंहला ते ठाऊक होतं. त्यानं हातातलं काम बाजूला सारलं.

त्यानं मोबाइल घेतला, इकडून तिकडून फिरवला. नेटचं बटण चालू होतं. रिचार्ज जिवंत होतं. तरी नेट शून्य. वरती 'सेवा नाही' बघून तो म्हणाला, "पहिलं घर रिकामं दिसतंय." जांभळ्या कापडावरनं त्याचा अंगठा झाकणाची खाच शोधत फिरत होता.

"उघडतंय कुठनं हे?"

"उघडत न्हाय. शिवलंय."

"शिवलंय?" अमरसिंहनं भिंग काढून तिच्याकडं बघितलं. "आवो, बायकांच्या ब्लाऊजाला हुक लावताय, ह्याला तरी दोन हुक ठिवायचं हुतं!"

दुसरी वेळ असती तर आक्काताई हसली असती. तिनं बांगडीला अडकवलेली पिन काढली, मोबाइल मांडीवर घेतला आणि एकेक टाका उसवायला लागली. हात सावकाश चालत होते. आत काय आहे ते तिला माहीत होतं, आणि ते परक्या माणसानं बघू नये असं तिला उगीचच वाटत होतं. शेवटचा टाका सुटला. झाकण निघालं, बॅटरी निघाली, आणि दोन घरांत दोन कार्डं दिसली.

"अरेच्चा, रिकामं न्हाय की! हे कुणाचं?"

"ह्यांचं."

अमरसिंहचा हात थांबला. नागसेननं त्याच्या पोराच्या शाळेच्या वह्या फुकट बांधून दिल्या होत्या, ते त्याच्या लक्षात होतं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "आक्का, दुखणं सापडलं. ह्या जुन्या मोबाइलात नेट पळतंय ते फकस्त पहिल्या घरातल्या कार्डावर. दुसरं घर नुसतं बोलायपुरतं. काका हुते तवा त्यांच्या कार्डावर नेट पळायचं. तुमचं कार्ड दुसऱ्या घरात, तितं तुम्ही कितीबी रिचार्ज मारा, उपेग न्हाय."

"मग?"

"मग काय, हे काढायचं आन् तुमचं हितं घालायचं. बंदच हाय की हे."

"ठाव हाय मला, बंद हाय ते."

"काढू?"

"काढू नगंस."

अमरसिंहनं घड्याळाकडं बघितलं, एक वाजायला आला होता. "बरं, मग असं करू. माझ्या मोबाइलवर लावतो व्हिडिओ. ह्या स्टुलावर बसूनच सांगा नाव. मी बाहीर हुबा ऱ्हातो पायजे तर."

म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच हातातला मोबाइल. आक्काताई मांडीवरच्या त्या उघड्या मोबाइलकडं बघत बसली. नखाएवढं कार्ड. पाच वर्षं ते एक शब्द बोललं नव्हतं, एक फोन त्यानं घेतला नव्हता. तरी ते काढायचं म्हणजे आपल्या हातानं त्याला घरातनं उठवल्यासारखं तिला वाटत होतं. पहिला मी, म्हणाला होता. हसत म्हणाला होता, पण म्हणाला होता. आणि मग तिला ती अकरा बारशी आठवली. अकराच्या अकरा वेळा तो कुठं उभा होता? मागं, दाराशी, हातात तिच्या चपला घेऊन. पुढं या म्हटलं तर हात हलवून नको म्हणायचा. बारशाच्या दिवशी त्याची जागा मागंच होती, त्यानंच निवडलेली. आणि आज बारसंच तर होतं.

तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. इतकी साधी गोष्ट, आणि आपण काल रात्री जेवलो नाही.

"अमरसिंह, घाल माझं कार्ड पहिल्या घरात."

"आन् काकांचं?"

"दुसऱ्या घरात. टाकायचं न्हाय, कुठं हरवायचं न्हाय. बारशाला मागं हुबं ऱ्हायची सवय हाय त्यास्नी."

अमरसिंहनं दोन्ही कार्डांची अदलाबदल केली. मोबाइल चालू झाला. वरच्या ओळीत तिच्या कंपनीचं नाव आलं, खालच्या ओळीत 'सेवा नाही'. पण नेट काही आलं नाही, आणि आक्काताईचं तोंड पुन्हा उतरलं.

"दमा की जरा. रस्ता झाला, पण कुठल्या दारानं आत जायचं ते मोबाइलला सांगाय लागतंय. नव्या मोबाइलात ते आपसूक येतंय. ह्याच्यातली दारांची यादी कोणतरी पुसलीय."

"वर्षाराणी मॅडम," आक्काताई म्हणाली. "काल लै जोर लावला त्यांनी."

अमरसिंहनं मोबाइलच्या पोटात शिरून एक कोरी चौकट उघडली, तिच्या कंपनीच्या दाराचं नाव इंग्रजीत एकेक अक्षर बघून लिहिलं, साठवलं आणि मोबाइल बंद करून पुन्हा लावला. दोघंही काचेवर वाकले. आधी काहीच नाही. मग वरच्या कोपऱ्यात दोन बारीक बाण, एक वर जाणारा आणि एक खाली येणारा, लुकलुकायला लागले.

"आलं!" अमरसिंह ओरडला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढून काय आलं म्हणून विचारलं.

त्यानंतर व्हॉट्सॲप नवं करून घ्यायला पाऊण तास गेला, कारण म्हातारा मोबाइल म्हाताऱ्याच्या चालीनं चालतो. दोनला दहा मिनिटं कमी असताना आक्काताई उठली. पैसे विचारले तर अमरसिंहनं हात जोडले. "पेढं द्या बारशाचं. आन् ह्याला पुन्यांदा शिवू नगा."

"शिवणार. पर हुक लावून शिवणार."

घरी येऊन तिनं तोंड धुतलं, पांढरी साडी नेसली, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींना हात जोडले. खाली नागसेनचा फोटो होता, त्याच्याकडं मात्र मुद्दाम बघितलं नाही. मशीनच्या फळीवर पिठाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि समोर बसली. तिच्या मनात एक गोष्ट होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. यावेळी तिनं स्वतःचीच अट मोडली होती. तोंड बघायच्या आधीच नाव ठरवून ठेवलं होतं. नागसेनच्या नावावरनं नागप्रिया. बारावं नाव त्याचं, असं तिनं कुंचीला सदऱ्याचं अस्तर लावतानाच ठरवलेलं; मुलगी झाल्याचं कळल्यावर नागप्रिया पक्कं झालं.

दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी मोबाइल वाजला. काचेवर संघर्षचं तोंड आलं, तड्यामुळं दोन तुकड्यांत, पण त्याचंच. तो "आत्ती! आत्ती दिसालीस की गं!" म्हणून एवढ्यानं ओरडला की मागची सगळी माणसं वळून बघायला लागली. निशा हसत होती आणि डोळे पुसत होती. मागं कृष्णात हात वर करून काहीतरी बोलत होता. वहिनी पुढं आली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, आलीस. तुझ्या जागंवर हुबं ऱ्हायचं म्हंजी काय सोपं हाय काय?" आणि ती अगदी मनापासून म्हणत होती. आक्काताईच्या मनात जो काही किंतु होता तोही गेला.

पंचशील झालं. मग संघर्षनं मोबाइल पाळण्यावर धरला आणि आक्काताईनं बाळ बघितलं.

पिवळी कुंची, हिरवी गोट. आतनं पांढऱ्या सदऱ्याची कड बोटभर बाहेर आलेली. आणि त्यात एक तोंड, गोल, शांत, डोळे उघडे. ते कुणासारखंच नव्हतं. संघर्षसारखं नव्हतं, निशासारखं नव्हतं, माहेरच्या माणसांचं नाक नव्हतं. एक नवंच माणूस, नुकतंच आलेलं, सगळं बघत असलेलं. आक्काताई बघत राहिली. पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या मापाचं ब्लाऊज तिनं कुणाला घातलं नव्हतं. नागप्रिया हे नाव चांगलं होतं, पण ते हिच्या मापाचं नव्हतं. ते आपल्या दुःखाच्या मापाचं होतं. आल्या आल्या ह्या पोरीला एका गेलेल्या माणसाच्या मागं कशाला उभी करायची? हिला हिच्या पहिल्या घरात बसू दे.

"आत्ती, सांग की," संघर्ष म्हणाला.

"कानाला लाव मोबाइल. आन् तू कान लांब घे."

त्यानं मोबाइल कुंचीच्या कडेला टेकवला. काच काळी झाली, नुसता बारीक श्वास ऐकू यायला लागला. सात समुद्रांपलीकडचा तो श्वास शाहूपुरीतल्या त्या खोलीत मशीनच्या फळीवर येऊन पोचला, आणि आक्काताईनं अगदी तोंडाजवळ मोबाइल घेऊन, "कुर्रर्र" करून, एक शब्द सांगितला.

मग मोबाइल बाजूला झाला आणि सगळ्यांनी एकदम विचारलं, काय, काय?

"उत्पला. निळं कमळ असतंय ते," आक्काताई म्हणाली.

"आत्ती, हितल्या माणसास्नी म्हणाय ईल काय गं ते?" संघर्ष म्हणाला.

"शिकतील की! तू न्हाईस काय त्यांची भाषा शिकलास?"

हॉलमध्ये हशा पिकला. निशानं दोनदा तीनदा ते नाव तोंडात घोळवून बघितलं, उत्पला, उत्पला, आणि तिसऱ्यांदा ते तिचं झालं. पाळणा हलला. आक्काताई पाऊण तास बसून सगळं बघत राहिली, कोण आलं, कुणी काय दिलं, कुणाचं ब्लाऊज पाठीत चुकलंय. डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि ते पुसायची तिला काही गरज वाटली नाही.

फोन संपला तोच गारगोटीहून अनुजाचा साधा फोन आला. मागं लग्नाचा बँड वाजत होता. "आक्का, काय ठेवलं नाव? सांग की! हितं कुणालाच कळंना."

"तुला कसं कळंल? अजून कोल्हापुरात माझ्याबिगार कुणालाबी म्हाईत न्हाय," आक्काताई म्हणाली, आणि तिनं मनसोक्त उशीर लावून, चवीनं, ते नाव सांगितलं.

मग तिनं तव्यावर भाकरी टाकली. कालपासून पोटात काही नव्हतं हे आत्ता कुठं तिच्या लक्षात आलं. भाकरी भाजत असताना तिनं मोबाइल चार्जिंगला लावायला उचलला. वरच्या ओळीत तिच्या कंपनीचं नाव आणि दोन बाण लुकलुकत होते. खाली दुसऱ्या ओळीत, गप्प आणि निवांत, 'सेवा नाही'. तिनं भिंतीवरच्या फोटोकडं आता सरळ बघितलं.

"रेशनला मी पहिली, आता मोबाइललाबी मी पहिली," ती म्हणाली. "तुम्ही हुबं ऱ्हावा मागं. चपला मातूर धरून ठिवा माझ्या, अजून लै बारशी हाईत."

आणि भाकरी उलटायला ती चुलीकडं वळली.